हॉटेलखाते

बदलीचा हुकूम हाती पडला की बँकेतील अधिकाऱ्याच्या घरी तीन प्रश्न एकदम उभे राहतात. मुलांच्या शाळेचे काय, राहायला जागा कोठे मिळणार आणि वडीलधाऱ्यांना सोबत न्यायचे की गावीच ठेवायचे. चौथा प्रश्न सहसा कोणी उच्चारीत नाही. नव्या गावी सामानाचा ट्रक वेळेवर पोहोचत नाही, गॅसची जोडणी आठवडाभर लांबते, शेजारी अजून ओळखीचे झालेले नसतात. आणि मग संध्याकाळी दाराला कुलूप लावताना तो आपोआप ओठांवर येतो. आज जेवायचे कोठे?

एका राष्ट्रीयीकृत बँकेतून २०१६ मध्ये निवृत्त झालेले अधिकारी आणि त्यांच्या पत्नी यांनी हा प्रश्न इतक्या वेळा सोडवला, की त्याची एक जाड वही झाली. शाखेतील मंडळी त्यांना ‘साहेब’ आणि ‘वहिनी’ म्हणत. येथेही तीच संबोधने पुरेशी आहेत. वही दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची, रोजकीर्दीसारखी आखलेली. दिनांक, ठिकाण, पदार्थ, रक्कम आणि शेरा असे पाच रकाने. पहिले चार रकाने साहेब भरत, शेवटचा वहिनींचा. ‘खाते’ या शब्दावर कोटी करण्याचा मोह बँकेतल्या माणसाला आवरत नाही. त्यामुळे वहीवर ठळक अक्षरांत ‘हॉटेलखाते’ असे लिहिलेले आहे.

आतला पहिला शेरा मात्र कोटीच्या वळणाचा नाही. ‘चहा चांगला. भीती वाटली.’

पाठमोरी खुर्ची

ही नोंद १९८२ सालची. लग्नाला दोन महिने झाले होते. गिरगावातील चाळीत दोन खोल्या आणि सात माणसे. घरात हॉटेलात खाणे हा शब्दप्रयोगच मुळी दोषारोपासारखा वापरला जाई. ‘घरात दोन बायका धडधाकट असताना विकतचं अन्न कशाला?’ हे साहेबांच्या मातोश्रींचे, म्हणजे पुढे साऱ्यांच्या ‘आजी’ झालेल्या बाईंचे, ठाम मत. तेव्हा मावशीकडे जाऊन येतो असे सांगून दोघे बाहेर पडले आणि चालत धोबीतलावला पोहोचले. साहेबांनी महाविद्यालयात असल्यापासून हेरून ठेवलेली जागा होती कयानी आणि कंपनी. १९०४ पासूनचे हे इराणी उपाहारगृह. वर संगमरवर लावलेली मेजे, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांत बिस्किटे, आणि गल्ल्यापाठीमागे बसून सारे काही पाहणारा मालक.

त्या काळी मुंबईतील बहुतेक इराण्याकडे ‘फॅमिली’साठी वेगळी सोय असे. कोठे माळ्यावर, कोठे लाकडी फळ्यांच्या आडोशाला. स्त्री सोबत दिसली की वाढपी बोटाने तिकडे दाखवी. ही सोय सौजन्याचीच होती. पण उरलेला सगळा दिवाणखाना कोणासाठी आहे, हेही ती न बोलता सांगत असे. वहिनींनी वर जाऊनही जिन्याकडे पाठ येईल अशी खुर्ची निवडली. चाळीतले कोणी वर आले तर निदान चेहरा दिसू नये. ब्रुन-मस्का आला. पाव टणक, आत लोण्याचा जाड थर, आणि तो चहात बुडवून खाण्याची रीत. साहेब उत्साहाने ती रीत समजावून देत होते. वहिनींचे लक्ष जिन्यावरच्या पावलांच्या आवाजाकडे होते.

पुढची सात वर्षे वही फारशी भरली नाही. वर्षाकाठी दोन-तीन नोंदी, त्याही बहुधा बटाटेवडा किंवा मिसळ अशा, उभ्या उभ्या आटोपलेल्या. मुलगी झाली, दिराचे लग्न झाले, हप्ते सुरू झाले. १९८९ मध्ये साहेबांना बढती मिळाली आणि बढतीबरोबर इंदूर. तेथे पहिल्याच महिन्यात त्यांनी दोघांच्या नावे दरमहा पन्नास रुपयांची एक आवर्ती ठेव उघडली. ठेव वर्षाने पिकेल आणि ते पैसे बाहेर जेवण्याखेरीज दुसऱ्या कशालाही वापरायचे नाहीत, हा नियम. सहकाऱ्यांनी थट्टा केली; पण घरखर्चाच्या तोंडावर दर वेळी ‘आज जाऊ या का?’ असे विचारावे लागणे हेच मुळी बाहेर न जाण्याचे कारण असते, हे साहेबांना हिशेबाने कळले होते. पैसा आधीच बाजूला पडला की संकोचही बाजूला पडतो.

इंदूरचा मुक्काम तीन वर्षांचा. दिवसा जेथे सोन्याचांदीचे तराजू हालतात त्या सराफ्यात रात्री दुकाने मिटल्यावर त्याच ओट्यांपुढे कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेला गराडू, वर जिलबी. होळकरांच्या या नगरीत मराठी कानी पडे, म्हणून परकेपणा नव्हता. सकाळचे पोहे मात्र वहिनींना प्रथम पटले नाहीत. बडीशेप, गोडसरपणा, वरून शेव आणि जीरावन नावाचा मसाला. आणि सोबत जिलबी! ‘हे पोहे नव्हेत, पोह्यांची वरात आहे’ असा शेरा आहे. वर्षभरानंतरचा शेरा एवढाच : ‘जीरावन घरी आणले.’ सराफ्यात रात्री अकरा वाजता आजीबाईंपासून तान्ह्यापर्यंत सारी कुटुंबे रस्त्यावर उभी राहून खात. आडोसा नव्हता आणि पाठमोरी खुर्चीही नव्हती, कारण खुर्च्याच नव्हत्या.

मागची पंगत

खरा बदल घडला तो बंगळुरात. १९९६ मध्ये साहेबांची तेथे बदली झाली. वडील निवर्तले होते, त्यामुळे आजीही सोबत आल्या. घर मिळाले बसवनगुडीत, गांधी बाजारापासून दहा मिनिटांच्या अंतरावर. आणि गांधी बाजारात घर मिळणे म्हणजे विद्यार्थी भवनच्या सावलीत राहणे.

हे उपाहारगृह १९४३ चे. आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतील मुलांसाठी सुरू झाले म्हणून हे नाव. शुक्रवारी बंद. इतर दिवशी दारात गर्दी. आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहत फुलबाजाराचा वास घेत उभे राहायचे. आत लहानसा दिवाणखाना, भिंतींवर कन्नड साहित्यिकांची चित्रे, आणि एका हातावर डोशाच्या बशांची उतरंड रचून मेजांमधून वाट काढणारे वाढपी. वरची बशी खालच्या बशीच्या काठावर टेकलेली. पाहणाऱ्याचाच श्वास अडावा. डोसा जाड, बाहेरून तांबूस आणि तुपाने कुरकुरीत, आतून मऊ. सोबत पातळ चटणी. सांबाराची वाट पाहणाऱ्या नवख्याला शेजारचा माणूस प्रेमाने सांगतो की ते येणार नाही.

पहिल्या भेटीत वहिनींनी डोशाचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि थांबल्या. बोट भाजले की काय, म्हणून साहेबांनी विचारले.

‘भाजलं नाही. गरम आहे. किती वर्षांनी.’

साहेबांना अर्थ लागला नाही. त्या म्हणाल्या, ‘आपल्या घरी तव्यावरची पोळी तव्यावरून थेट माझ्या पानात शेवटची कधी पडली, आठवतंय?’

स्वरात तक्रार नव्हती. माहिती विचारावी तसा प्रश्न होता, आणि त्यामुळेच त्याला उत्तर देणे कठीण होते. साहेबांनी आठवून पाहिले. आठवेना. रात्री त्यांनी सवयीप्रमाणे कागद घेतला. लग्नाला चौदा वर्षे, दिवसाची दोन जेवणे. दहा हजार दोनशे वीस. माहेरपणाचे आणि प्रवासाचे दिवस वजा केले तरी आकडा नऊ हजारांच्या खाली येईना. या नऊ हजार जेवणांत पहिली पोळी त्यांना मिळाली, दुसरी मुलीला, मग आईवडिलांना, भावाला, आल्यागेल्याला. वहिनी जेवायला बसत तेव्हा पोळ्या डब्यात गेलेल्या असत, आमटीवर साय धरलेली असे. चांगली माणसे होती सगळी. कोणी तिला मागे ठेवले नव्हते. ती मागे आहे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, एवढेच. लेखापरीक्षणात वर्षानुवर्षे न सापडलेली चूक बहुधा अशीच असते. ती लपवलेली नसते. रोज समोर असते.

त्या दिवशीच्या पानावर रकमेच्या रकान्यात साहेबांचे अक्षर नेहमीसारखे नीट नाही. शेऱ्यात वहिनींनी लिहिले आहे : ‘गरम.’

पुढच्या रविवारी साहेब ओट्यापाशी उभे राहिले. पोळ्या जमल्या नाहीत. पीठ हाताला चिकटले, लाटणे ओट्याखाली गेले. मग डोशाचे पीठ आणले गेले, कारण बंगळुरात ते वाटून तयार मिळे. पहिले चार डोसे खरवडून टाकावे लागले. तवा फार तापला की पीठ पसरत नाही, पाण्याचा शिपका मारून तो आधी थोडा निववावा लागतो, हे पाचव्याला कळले. सहावा डोसा वहिनींच्या बशीत गेला. ‘तुम्ही बसा, पुढचा मी करते’ म्हणून त्या उठू लागल्या, तेव्हा मुलीने त्यांना हात धरून बसवले. आजी दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत आणि घरातील साऱ्यांना त्याचेच अधिक भय वाटले.

आजींनी आयुष्यात हॉटेलची पायरी चढली नव्हती. सत्तरीचे वय, सोवळ्याची सवय, आणि परक्या हातचे पाणी कसे असेल ही शंका. त्यांना बाहेर नेण्याची कल्पना वहिनींची, आणि जागाही त्यांनीच विचार करून निवडली. लालबागेजवळचे मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजे एमटीआर. यज्ञनारायण मय्या आणि त्यांच्या भावांनी १९२४ मध्ये ते ‘ब्राह्मिन कॉफी क्लब’ या नावाने सुरू केले. आजचे नाव १९६० मध्ये आले. महायुद्धाच्या काळात तांदळाचा तुटवडा झाला तेव्हा रव्याची इडली प्रथम येथे झाली, असे त्यांचे सांगणे. आणीबाणीत उपाहारगृहांतील पदार्थांच्या दरांवर बंधने आली. ठरवून दिलेल्या भावात आपला दर्जा राखता येईना, तेव्हा मय्यांनी कोरडी पिठे आणि मसाले पुड्यांत भरून विकण्याकडे लक्ष वळवले. आज देशभर मिळणाऱ्या त्या पाकिटांमागे ही अडचण आहे. पण वहिनींच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी होती. येथील स्वयंपाकघर ग्राहकाला पाहता येई. स्वच्छतेचे वेड ही या घराची ख्याती होती.

आजींनी ते स्वयंपाकघर पाहिले. भांडी कशी पालथी घातली आहेत, फडकी कोठे वाळत आहेत, भाजी चिरणाऱ्याची नखे कशी आहेत. मनात एकेक रकाना भरला असावा. मग येऊन बसल्या. जेवण सुरू झाले आणि एकामागून एक वाढपी येऊ लागले. कोसंबरी आली, ती आपल्याच कोशिंबिरीची थोरली बहीण. पल्य, म्हणजे भाजी, आली. बिसीबेळे भात, वर तूप, मग सारू आणि भात, शेवटी दहीभात. आजी सावकाश, मान खाली घालून जेवल्या. कोणीतरी आपल्याला वाढते आहे आणि आपल्याला उठायचे नाही, याची त्यांना सवय नव्हती. दोनदा त्यांचा हात सवयीने वाढपाच्या भांड्याकडे गेला.

दहीभात वाढायला आलेल्या म्हाताऱ्या वाढप्याला त्यांनी सरळ मराठीत विचारले, ‘तुमची पंगत केव्हा बसते हो?’

तो गोंधळून साहेबांकडे पाहू लागला. साहेबांचे कन्नड काउंटरपुरते. एवढे अवघड वाक्य त्यांना जमणारे नव्हते. पण कर्नाटकात भेटल्याबरोबर विचारायचा एक प्रश्न त्यांना ठाऊक होता, जो तेथे नमस्कारासारखा वापरला जातो. ते म्हणाले, ‘आई विचारतात, ऊट आय्ता?’ जेवण झाले का?

वाढपी हसला. दिवसभर लोकांची जेवणे करणाऱ्या माणसाला हे कोणी विचारत नसावे. तो कन्नडमध्ये भराभर काहीतरी बोलला, ते मेजावरच्या कोणालाही कळले नाही, आणि नको म्हणत असतानाही आजींच्या ताटात आणखी एक डाव दहीभात पडला.

घरी परतताना रिक्षात आजी म्हणाल्या, ‘सूनबाई, उद्यापासून आपण दोघी पहिल्या पंगतीला बसू. मुलगी आणि तिचा बाप वाढतील. पोळ्या थोड्या आधी करून ठेवायच्या, गार तर गार. सगळ्यांनी गार खायच्या.’ हा तोडगा न्याय्य असला तरी रुचकर नव्हता, त्यामुळे तो आठवडाभरच टिकला. पुढे आलटून पालटून तव्यापाशी उभे राहण्याची पद्धत पडली. आजींना विद्यार्थी भवनचा डोसा मात्र शेवटपर्यंत आवडला नाही. ‘तूप फार’ असे त्या म्हणत. आठवड्यातून एकदा जात मात्र.

त्याच दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर दर्शिनी उघडत होत्या. १९८० च्या दशकात रुळलेला हा बंगळुरी प्रकार : बसायला जागा नाही, आधी पैसे भरून कुपन घ्यायचे, पोलादी फळीवर बशी ठेवून उभ्याने खायचे, पाच मिनिटांत मोकळे. येथे बाई एकटी आली तर कोणी मान वर करून पाहत नाही. वहिनी मुलीला शाळेत सोडून परतताना प्रथमच एकट्या बाहेर खाऊ लागल्या. त्या नोंदींतील सगळे रकाने त्यांच्याच अक्षरात आहेत. आणि साहेब सोबत असले की ‘बाय-टू’ कॉफी. एक कॉफी दोन पेल्यांत विभागून देण्याची ही सोय या शहराने फार प्रतिष्ठेला नेली आहे. लखपतीही ती मागतो आणि देणारा तोंड वाकडे करीत नाही. जोडप्यांच्या आयुष्यातील किती भांडणे या अर्ध्या पेल्यावर मिटली असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

पानाचे पैसे वेगळे

२००४ मध्ये कोलकाता. आजी आदल्या वर्षी गेल्या. मुलगी शिक्षणासाठी बंगळुरातच राहिली. दोघांचेच घर, नवी भाषा, आणि पहिले काही महिने ओट्यापाशी उभे राहण्याचा उत्साह दोघांनाही नव्हता. वहीत सर्वांत दाट लिहिलेली पाने या काळातील आहेत.

कोलकात्यातील ‘पाइस होटेल’ हे बँकेतल्या माणसाला भुरळ घालणारे प्रकरण आहे. पूर्वी पैशांत जेवण मिळे म्हणून हे नाव. मेसप्रमाणे येथे थाळीचा एक दर नसतो. प्रत्येक वस्तूची वेगळी नोंद. भात वेगळा, डाळ वेगळी, भाजा वेगळा, माशाचा तुकडा वेगळा. केळीच्या पानाचेही पैसे वेगळे आणि लिंबाच्या फोडीचेही. न्यू मार्केटजवळचे सिद्धेश्वरी आश्रम किंवा कॉलेज स्ट्रीट परिसरातील स्वाधीन भारत हिंदू होटेल ही त्यांतली नामांकित नावे. वाढपी आजचे पदार्थ एका श्वासात म्हणून दाखवतो आणि जेवण आटोपल्यावर खाल्लेले सारे तितक्याच वेगाने परत म्हणतो. पहिल्या दिवशी साहेबांनी आपल्या मनातल्या बेरजेशी ताळा केला. फरक शून्य. त्या दिवशीचा शेरा अपवादाने साहेबांचा आहे : ‘बँकेत घ्यावा असा माणूस.’

वहिनींना मात्र हिशेबापेक्षा क्रमाने गुंतवले. महाराष्ट्रात पान एकदम वाढले जाते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये भाताची मूद. मग खाणारा आपल्या इच्छेने फिरतो. बंगाली जेवण ओळीने चालते. आधी कडू : कारले घातलेली शुक्तो. मग डाळ आणि सोबत तळलेले काही, मग भाजी, मग मासा. शेवटाकडे गोड चटणी आणि त्यानंतर मिष्टान्न. चटणी शेवटी, आणि तीही गोड! कोकणातल्या घरात नारळाच्या रसावर वाढलेल्या जिभेला मोहरी वाटून केलेला इलिश प्रथम झेपला नाही. पहिल्या घासाला झिणझिण्या नाकात गेल्या आणि डोळ्यांत पाणी आले. शिवाय काटे असे, की बोलत जेवणाऱ्याने या माशाच्या वाटेस जाऊ नये. तरी तीन महिन्यांनी वहिनी शुक्तोला नकार दिलेल्या साहेबांना समजावीत होत्या की कडू आधी खाल्ले म्हणजे पुढचे सारे गोड लागते. साहेबांना युक्तिवाद मान्य होता, कारले मान्य नव्हते.

कॉलेज स्ट्रीटचे इंडियन कॉफी हाउस दोघांनी पाहिले. उंच छत, तुरेवाले वाढपी, धूर आणि वाद. कॉफीबद्दल वहिनींनी लिहिणे टाळले आहे. बंगळुरात आठ वर्षे काढलेल्या माणसाने तेथे कॉफीसाठी जाऊ नये, गप्पा ऐकायला जावे.

जुन्या कोलकात्यात ‘केबिन’ नावाची उपाहारगृहे आहेत. कटलेट, मोगलाई पराठा आणि अंड्याच्या जाळीत तळलेली कबिराजी ही त्यांची खासियत. ‘कव्हरेज’ या इंग्रजी शब्दाचे कबिराजी झाले असे मानतात. त्यांच्या नावातील केबिन म्हणजे लाकडी फळ्यांचे आडोसे आणि पुढे पडदा. घरंदाज स्त्रियांना बाहेर बसून खाता यावे म्हणून आणि पुढे प्रेमिकांना बोलता यावे म्हणून. उत्तर कोलकात्यातील अशा एका केबिनमध्ये दोघे गेले तेव्हा वाढप्याने आदराने त्यांना आडोशात बसवले आणि पडदा ओढला. वहिनींनी तो उठून बाजूला सारला. वाढप्याला वाटले, चुकून राहिला. त्याने पुन्हा ओढला. वहिनींनी पुन्हा सारला आणि पडद्याची किनार खुर्चीच्या पाठीत खोचून ठेवली. बाहेर चार वृद्ध गृहस्थ फुटबॉलवर वाद घालत होते. वहिनी कबिराजी खात शेवटपर्यंत तो वाद ऐकत राहिल्या. भाषा पुरती कळत नव्हती. मोहनबागान आणि ईस्ट बंगाल ही दोन नावे पुरेशी होती.

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस २००७ मध्ये याच शहरात आला. साहेबांनी आवर्ती ठेवीचे दोन वर्षांचे पैसे एकत्र केले आणि एका मोठ्या हॉटेलात जागा राखून ठेवली. त्या संध्याकाळबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ताट मोठे, वाढप लहान, पदार्थ कोमट. वाढपी मागे इतका जवळ उभा, की बोलणे सुचेना. बिल न विचारता साहेबांच्याच हाताशी ठेवले गेले. वहिनींनी ते ओढून घेतले, चष्मा लावला, एकेक ओळ तपासली आणि न मागवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या त्यातून कमी करवल्या. पैसे दोघांच्या ठेवीचे होते. निघताना त्यांना भूक होती, म्हणून रस्त्यावर उभे राहून दोघांनी काठी रोल घेतला. तो गरम होता.

वहीतील कोरी पाने

निवृत्तीनंतर दोघे मुलीजवळ बंगळुरात स्थायिक झाले. आवर्ती ठेव चालूच होती, रक्कम तेवढी काळानुसार वाढत गेली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि वहीत प्रथमच सलग कोरी पाने पडली. घरपोच मागवण्याचा प्रयोग एकदा झाला. डोसा डब्यात वाफ धरून मऊ पडला होता. मागच्या पंगतीच्या पोळीसारखा. दुसऱ्यांदा मागवला नाही. साहेबांचा हात आता तव्यावर बसला होता. त्या वर्षीची ठेव पिकली तेव्हा खर्च करायला जागाच नव्हती. दर्शिनींतून काम करणारी मुले उडुपी-कुंदापूरकडे आपापल्या गावी परतल्याचे मुलीकडून समजले. जवळच्या दर्शिनीच्या मालकाचा दूरध्वनी वहिनींनी मिळवला आणि पिकलेल्या रकमेचा धनादेश तेथील कामगारांसाठी दिला. वहीत ही नोंदही आहे. पदार्थाच्या रकान्यात आडवी रेघ.

सारी ठिकाणे परतली नाहीत, आणि परतलेली सारी टिकलीही नाहीत. मल्लेश्वरममधील न्यू कृष्णा भवन २०२३ च्या डिसेंबरात कायमचे बंद झाले. शेवटच्या आठवड्यात दोघे तेथे गेले, तेव्हा रांग रस्त्यापर्यंत होती. इतकी गर्दी आधी येती, तर ते बंद झाले असते का, असे साहेबांनी मोठ्याने म्हटले. रांगेतील कोणी उत्तर दिले नाही. त्या जागेची किंमत आणि इडलीची किंमत यांचा मेळ अशा भागांत आता बसत नाही, हे रांगेतील प्रत्येकाला ठाऊक होते.

आता साहेबांना मिठावर बंधन आहे आणि वहिनींचे गुडघे कुरकुरतात. त्यामुळे गांधी बाजारातील रांग महिन्यातून एकदाच. एरवी सकाळी फिरून परतताना घराजवळची दर्शिनी. फळीला टेकून उभे राहायचे, एक इडली, एक बाय-टू. पेले आणून देणारा मुलगा विशीतला आहे आणि पहाटे चारपासून कामावर असतो. वहिनी कुपन देताना त्याला रोज तेच विचारतात.

‘ऊट आय्ता?’

‘इन्नू इल्ला, अम्मा,’ तो म्हणतो. अजून नाही. आणि पुढच्या कुपनाकडे वळतो.